न विचारलेल्यांची संमती

१८९७ सालच्या १० जानेवारीस, प्लेगाच्या भयाने मुंबईचे रहिवासी बोचकी बांधून शहर सोडीत असताना, वाल्डेमार हाफकिन या जीवाणुशास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजातील आपल्या खोलीत तयार केलेली प्लेगाची लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली, आणि त्यापायी आलेला ताप व वेदना सोसून झाल्यावरच भायखळ्याच्या तुरुंगातील, स्वखुषीने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली. या प्रसंगाचे वर्णन आपल्याकडे धैर्याची कथा म्हणून होते, आणि ते यथार्थच आहे. परंतु वैज्ञानिक नीतीच्या इतिहासात त्याला आणखीही एका कारणाने स्थान आहे. ज्ञानप्राप्तीच्या मार्गात जो धोका असतो तो प्रथम कोणी पत्करावा, या प्रश्नाचे हाफकिनने दिलेले उत्तर असंदिग्ध होते: ज्याला ते ज्ञान हवे आहे त्याने. तुरुंगात साथ शिरलेली असताना गजांआडच्या माणसाला नकार देण्याची मुभा कितपत उरते, ही शंका त्या काळी फारशी कोणी घेतली नाही. ती पुढच्या पिढ्यांनी घेतली, आणि ती घ्यावयास त्यांना एक महायुद्ध पाहावे लागले.

नाझी छावण्यांतील बंदिवानांच्या देहांवर ज्या डॉक्टरांनी प्रयोग केले, त्यांच्यावरील खटल्याचा निकाल न्यूरेंबर्ग येथे ऑगस्ट १९४७ मध्ये लागला. त्या निकालपत्रात मानवी प्रयोगांसंबंधी जी दहा तत्त्वे नमूद झाली, त्यांतले पहिलेच असे की, ज्या माणसावर प्रयोग करावयाचा त्याने स्वेच्छेने दिलेली संमती ही अपरिहार्य अट होय. १९६४ साली जागतिक वैद्यक संघटनेने हेलसिंकी येथे हाच विचार अधिक विस्ताराने मांडला. प्रयोगकर्त्याच्या धैर्यावर उभी असलेली नीती अशा रीतीने प्रयोगाला सामोरे जाणाऱ्याच्या अधिकारावर येऊन स्थिरावली, आणि आज आपल्या रुग्णालयात एखाद्या नव्या औषधाची चाचणी घेताना अक्षरशून्य रुग्णालाही त्याच्या भाषेत सारे समजावून, साक्षीदारासमक्ष त्याचा अंगठा घ्यावा लागतो, तो या स्थित्यंतराचाच परिणाम होय.

मात्र या तत्त्वाच्या मुळाशी एक गृहीत होते. प्रयोगाची झळ ज्याला लागेल तो माणूस प्रयोगकर्त्याच्या समोर बसलेला आहे, त्याचे नाव दप्तरात आहे आणि त्याला विचारता येते, असे ते गृहीत. संसर्गजन्य विषाणूच्या बाबतीत ते टिकत नाही. १९७८ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडातील बर्मिंगहॅमच्या वैद्यकीय महाविद्यालयात छायाचित्रणाचे काम करणाऱ्या जॅनेट पार्कर या बाईंना देवी आल्या. साऱ्या जगातून देवीचे उच्चाटन होत आले असताना, ज्या इमारतीत त्या काम करीत तिच्याच खालच्या मजल्यावर देवीच्या विषाणूवर संशोधन करणारी प्रयोगशाळा होती. विषाणू नेमका कोणत्या वाटेने वर पोचला याचा वाद अखेरपर्यंत मिटला नाही, पण तो तेथूनच आला याबद्दल फारसा संशय उरला नाही. ११ सप्टेंबरला पार्करबाई वारल्या. देवीने जगात घेतलेला तो शेवटचा ज्ञात बळी. प्रयोगशाळेचे प्रमुख प्रा. हेन्री बेडसन यांनी त्याआधीच आपल्या जिवाचा अंत करून घेतला होता. पार्करबाई त्या संशोधनात सहभागी नव्हत्या, त्यांच्याकडून कोणी संमतिपत्र घेतले नव्हते, आणि घ्यावे असे कोणाच्या स्वप्नातही येण्याचे कारण नव्हते, कारण प्रचलित नीतीच्या हिशेबी त्या प्रयोगाच्या बाहेर होत्या. त्याच्या आदल्याच वर्षी इन्फ्लुएंझाचा जो प्रकार जगभर पसरला, तो १९५० च्या सुमाराच्या विषाणूशी इतका तंतोतंत जुळणारा होता की, इतकी वर्षे तो निसर्गात न बदलता राहिला असेल हे मानणे कठीण. प्रयोगशाळेतून किंवा लसीच्या चाचणीतून तो बाहेर आला असावा, असे अनेक विषाणुशास्त्रज्ञ तेव्हापासून म्हणत आले आहेत. तसे असेल, तर त्या प्रयोगाची मर्यादा खोलीच्या भिंतींनी ठरलेली नव्हती. ती साऱ्या पृथ्वीएवढी होती.

याच दशकात अमेरिकेत दोन घटना घडल्या, आणि त्यांतली जी अधिक गाजली तिच्यापेक्षा जी विस्मरणात गेली ती मला अधिक मोलाची वाटते. गाजली ती असिलोमारची परिषद. एका जीवाची जनुके दुसऱ्यात जोडण्याची विद्या हाती येताच पॉल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली काही प्रयोग आपण होऊन तहकूब ठेवण्याचे आवाहन केले आणि फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील त्या समुद्रकाठच्या ठिकाणी सुमारे १४० जणांनी एकत्र बसून सुरक्षिततेचे नियम आखले. वैज्ञानिकांनी स्वतःवर घातलेला हा निर्बंध स्पृहणीय होता यात वाद नाही. परंतु नियम करणारे, पाळणारे आणि पाळले जातात की नाही हे पाहणारे बहुतांशी एकाच पेशाचे लोक होते.

दुसरी घटना मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज या गावची. १९७६ साली हार्वर्ड विद्यापीठाने अशा संशोधनासाठी विशेष प्रयोगशाळा बांधण्याचे योजले, तेव्हा त्या गावचे महापौर आल्फ्रेड वेलुची यांनी नगरसभेत जाहीर सुनावणी ठेवली, नामांकित प्राध्यापकांना गावकऱ्यांसमोर उभे करून साध्या भाषेत उत्तरे देण्यास भाग पाडले, आणि चौकशी पुरी होईपर्यंत ते काम थांबविण्याची विनंती नगरसभेकडून करविली. चौकशीसाठी जे मंडळ नेमले गेले त्यात जनुकशास्त्राशी संबंध असलेला एकही गृहस्थ नव्हता. रुग्णालयात सेवा करणारी एक धर्मभगिनी, एक अभियंता, एक व्यापारी, समाजकार्यात वावरणारी माणसे, असे ते सामान्य नागरिकांचे मंडळ. या लोकांनी कित्येक महिने दोन्ही पक्षांच्या वैज्ञानिकांची म्हणणी ऐकली, न समजलेले पुनःपुन्हा विचारले, आणि जानेवारी १९७७ मध्ये असा निष्कर्ष दिला की, संशोधन होऊ द्यावे, मात्र सरकारी नियमांहून अधिक काही दक्षता घ्याव्यात. पुढच्याच महिन्यात नगरसभेने त्याबरहुकूम स्थानिक कायदा केला. अडाण्यांच्या हाती निर्णय गेला तर ज्ञानाचा दिवा विझेल, अशी भीती त्या वेळी विद्वानांनी बोलून दाखविली होती. प्रत्यक्षात ते गाव जैवतंत्रज्ञानाच्या उद्योगाचे जगातील एक प्रमुख केंद्र बनले. ज्याच्या अंगणात धोका येणार त्याला विचारावे, आणि विचारल्यास तो समंजसपणे उत्तर देतो, याचे इतके निर्णायक उदाहरण उपलब्ध असताना पुढे त्याचे अनुकरण फारच थोड्या ठिकाणी झाले, याचा मला विषाद वाटतो.

हाच प्रश्न नव्याने उभा राहिला तो बर्ड फ्लूच्या निमित्ताने. १९९६ साली दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात एका हंसात सापडलेल्या एच-५-एन-१ या विषाणूच्या वंशाने पुढच्या वर्षी हाँगकाँगमध्ये माणसाला प्रथम ग्रासले. मे १९९७ मध्ये तीन वर्षांचा एक मुलगा दगावला, आणि वर्षअखेरपर्यंत लागण झालेल्या १८ रुग्णांपैकी एकूण ६ मृत्यू पावले. तेथील सरकारने दहा लाखांहून अधिक कोंबड्या अल्पावधीत मारून साथ रोखली. २००३ नंतर विषाणू पुन्हा उसळला, आणि तेव्हापासून जागतिक आरोग्य संघटनेच्या दप्तरी नऊशेहून अधिक माणसांची नोंद झाली असून त्यांतील जवळजवळ निम्मी वाचू शकलेली नाहीत. इतका मारक असूनही तो माणसामाणसांत सहज पसरत नाही, याचे कारण त्याच्या घडणीत आहे. पेशीत शिरण्यासाठी इन्फ्लुएंझाचा विषाणू तिच्या पृष्ठावरील विशिष्ट शर्करा-रेणूला चिकटतो. पक्ष्यांच्या विषाणूला मानवतो तो रेणूचा प्रकार माणसाच्या नाका-घशात विरळ आणि फुफ्फुसाच्या तळाशी अधिक. म्हणून तो खोल गेला तर जीव घेतो, पण शिंकेवाटे बाहेर पडून दुसऱ्याच्या नाकात ठाण मांडणे त्याला जमत नाही. ही अडचण थोड्याशा बदलांनी दूर होऊ शकेल काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांना भेडसावू लागला तो स्वाभाविक होता. १९१८ च्या मानमोडीने एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली, ही गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यापैकी कोणीही त्या प्रश्नाला क्षुल्लक म्हणणार नाही.

हा विषाणू महाराष्ट्राच्या हद्दीत आला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात. गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या या आदिवासी तालुक्यात अंड्यांचा मोठा धंदा उभा राहिला होता. शेडमधल्या कोंबड्या पटापट मरू लागल्या तेव्हा मालकांनी ती राणीखेत समजली, आणि त्यांचा समज अस्वाभाविक नव्हता, कारण ती मर प्रत्येक कोंबडीवाल्याच्या परिचयाची. भोपाळच्या प्रयोगशाळेने नमुने तपासून १८ तारखेला निदान जाहीर केले आणि भारतातला पहिला उद्रेक म्हणून नवापूरचे नाव सरकारी कागदांत चढले. तीन किलोमीटरच्या परिघातील सर्व पक्षी मारण्याचा हुकूम सुटला. पांढऱ्या झग्यांत, तोंडाला मुखपट्ट्या बांधून, गरम होणाऱ्या चष्म्यांआडून पाहत, कर्मचाऱ्यांनी आणि मजुरांनी लाखो पक्षी मारले. खोल खड्डे खणून त्यांत पक्ष्यांचे थर आणि चुन्याचे थर एकावर एक टाकले. घरामागची दोनचार देशी कोंबडी लपवून ठेवणाऱ्या बायांची समजूत घालून तीही नेली. ताप आलेल्या माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत गेले आणि सुदैवाने कोणालाही लागण झाल्याचे आढळले नाही. त्या दिवसांचा विचार करताना माझे मन त्या झग्यांतल्या मजुरांपाशी अडते. मेलेला पक्षी पायाला धरून उचलणारा तो हात हा या रोगाचा जगाशी असलेला पहिला संबंध आहे, आणि विषाणूच्या भवितव्याविषयी जगाच्या ज्या सभागृहांत चर्चा होते तेथे त्या हाताच्या धन्याला कधी बोलावणे गेलेले नाही.

असे बोलावणे न गेलेल्या एका देशाने नंतर आपणच दार वाजविले. २००७ च्या आरंभी इंडोनेशियाच्या आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांनी आपल्या रुग्णांपासून मिळालेले विषाणूंचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रयोगशाळांना देण्याचे थांबविले. आमची माणसे मरतात, त्यांच्या देहांतील विषाणू आम्ही फुकट देतो, त्यावरून श्रीमंत देशांतील कंपन्या लस बनवितात आणि ती आम्हालाच परवडत नाही, अशी त्यांची तक्रार होती. साथीच्या काळात नमुने अडविणे घातक होते, हे मान्य केले पाहिजे; तरीही तक्रारीतील न्याय नाकारता येण्यासारखा नव्हता, आणि चार वर्षांच्या वाटाघाटींनंतर मे २०११ मध्ये जागतिक आरोग्य सभेने नमुन्यांच्या आणि त्यांपासून होणाऱ्या लाभांच्या देवाणघेवाणीचा आराखडा संमत केला. लाभात वाटा मिळावा हे तत्त्व अशा रीतीने मान्य झाले. धोका ठरविण्यात वाटा असावा, हे अद्याप कोणी म्हणत नव्हते.

आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात विषाणुशास्त्रज्ञ रॉन फूशिए यांनी माल्टातील एका परिषदेत आपला प्रयोग जाहीर केला. रॉटरडॅमच्या इरास्मस वैद्यकीय केंद्रात त्यांनी वापरलेला विषाणू मूळचा २००५ सालच्या एका इंडोनेशियन रुग्णाचा होता. त्यात त्यांनी आधी हेतुपुरस्सर तीन बदल केले. मग तो फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या नाकात घातला, कारण इन्फ्लुएंझाच्या बाबतीत त्याचे श्वसनमार्ग माणसाशी जुळतात. त्याच्या नाकातून मिळविलेला विषाणू दुसऱ्या फेरेटाच्या नाकात, त्याच्यातला तिसऱ्याच्या, असे करीत दहा पिढ्या गेल्यावर एकमेकांना स्पर्श करता येणार नाही पण हवा इकडून तिकडे जाईल अशा बेताने पिंजरे शेजारी शेजारी ठेवले. पलीकडच्या पिंजऱ्यातील निरोगी प्राणी आजारी पडले. हवेतून लागण झालेले ते प्राणी त्या आजाराने मेले नाहीत, हे सत्य भडक बातम्यांत हरवले आणि ते नमूद करणे न्यायाचे आहे. परंतु निसर्गाने जी अडचण विषाणूच्या मार्गात ठेवली होती ती मोजक्याच बदलांनी दूर होते, हे सिद्ध झाले होते. मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठात योशिहिरो कावाओका यांनी व्हिएतनाममधील विषाणूचे प्रथिन २००९ च्या साथीच्या विषाणूवर बसवून, निराळ्या मार्गाने, तेच दाखविले.

त्यानंतर जो वाद पेटला त्याची दिशा लक्षात घेण्यासारखी आहे. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या जैवसुरक्षा सल्लागार मंडळाने दोन्ही निबंधांतील तपशील वगळावेत अशी शिफारस केली. जानेवारीत ३९ शास्त्रज्ञांनी अशा प्रयोगांना साठ दिवसांची आणि पुढे वर्षभर लांबलेली तहकुबी दिली. फेब्रुवारीत जिनिव्हात तज्ज्ञांनी पूर्ण प्रसिद्धीच्या बाजूने कौल दिला. मार्चमध्ये सल्लागार मंडळाने आपले मत फिरविले, कावाओकांच्या निबंधाबाबत एकमताने आणि फूशिएंच्या बाबत १२ विरुद्ध ६ मतांनी. डच सरकारने तर निबंध परदेशी पाठविण्यास निर्यात-परवाना लागेल असे बजावले. पाहा, एवढ्या साऱ्या खटाटोपात चर्चा झाली ती छापावे की न छापावे याची. ज्ञान दुष्टांच्या हाती पडेल काय, हा प्रश्न सर्वांना दिसला, कारण २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर तो प्रश्न पाहण्याची दृष्टी तयार झालेली होती. प्रयोग मुळात करावा की नाही, आणि करावयाचा तर कोणाच्या मंजुरीने, हा प्रश्न प्रयोग होऊन गेल्यावर, कुजबुजत विचारला गेला.

अपघाताची बाजू पुढे आली ती २०१४ मध्ये, आणि तीही अमेरिकेच्या सर्वांत सुसज्ज समजल्या जाणाऱ्या प्रयोगशाळांत एकापाठोपाठ एक चुका उघडकीस आल्यावर. अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्रातून जॉर्जियातील शेतीखात्याच्या प्रयोगशाळेला पक्ष्यांच्या एका सौम्य विषाणूचा नमुना गेला. तेथील कोंबड्या मेल्या, तेव्हा कळले की त्यात एच-५-एन-१ मिसळला होता. ही वार्ता केंद्राच्या वरिष्ठांपर्यंत पोचावयास सहा आठवडे लागले. त्याच उन्हाळ्यात बेथेस्डा येथील एका जुन्या शीतकोठीत देवीच्या विषाणूच्या विस्मृत कुप्या मिळाल्या. मार्क लिपसिच आदी साथरोगतज्ज्ञांनी मोठ्या हानीची लहान शक्यताही अनेक प्रयोगशाळांच्या आणि अनेक वर्षांच्या हिशेबाने नगण्य राहत नाही, असे मांडले, आणि ऑक्टोबरात सरकारने विषाणूंना अधिक संसर्गक्षम करणाऱ्या संशोधनाचे अर्थसाहाय्य रोखले. डिसेंबर २०१७ मध्ये ते नव्या छाननीच्या अटीवर मोकळे केले. मे २०२५ मध्ये पुन्हा अध्यक्षीय आदेशाने त्यावर बंधने आली. ही उघडझाप राजधानीतील वाऱ्यांबरोबर होत राहिली आहे, आणि त्यामुळेच ती मला असमाधानकारक वाटते.

संशोधनाच्या बाजूचे म्हणणे दुबळे नाही. कोणते बदल घातक हे ठाऊक असल्यानेच आज एखाद्या पक्ष्यातून वा गाईतून आलेल्या विषाणूचा जनुकक्रम वाचून तो माणसाकडे किती झुकला आहे याचा अंदाज बांधता येतो, आणि त्या यादीत रॉटरडॅम व मॅडिसन येथील प्रयोगांचा वाटा आहे. मार्च २०२४ मध्ये टेक्सास आणि कॅन्ससमधील दुभत्या गाईंत हा विषाणू आढळला, तेव्हा ती यादी घेऊनच शास्त्रज्ञ कामाला लागले. याउलट, सबंध संसर्गक्षम विषाणू न बनविता त्याच्या सुट्या प्रथिनांवर अथवा पांगळ्या केलेल्या विषाणूवर काम करूनही यातले बरेच ज्ञान मिळते, असे प्रतिपक्ष सांगतो. या वादात तज्ज्ञतेचा अधिकार मोठा आहे, आणि मी सरसकट बंदीच्या बाजूचा नाही. माझा आग्रह निर्णयाच्या रीतीविषयी आहे. हाफकिनने स्वतःचा देह पुढे केला, न्यूरेंबर्गने रुग्णाचा शब्द अनिवार्य ठरविला. तिसरे पाऊल उरले आहे, आणि ते जो प्रयोगात नाही पण प्रयोगाच्या परिणामात आहे त्याच्याकडे जाते. अख्ख्या मानवजातीची सही घेता येणार नाही, हे खरे. पण प्रतिनिधीमार्फत संमती देण्याची पद्धती आपण राज्यकारभारात रोज वापरतो, ती विज्ञानाच्या दारात आल्यावर अशक्य का व्हावी? टेक्सासच्या गोठ्यात दूध काढताना डोळे लाल झालेला मजूर, लुईझियानात जानेवारी २०२५ मध्ये दगावलेला घरच्या कोंबड्यांचा धनी, २०२१ साली दिल्लीच्या रुग्णालयात या रोगाने गेलेल्या हरियाणाच्या अकरा वर्षांच्या मुलाचे आईबाप, यांच्या वतीने बोलणारे कोणीतरी त्या मेजाशी असले पाहिजे.

आपल्या देशात त्यासाठी नवी इमारत उभारावी लागणार नाही. पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली १९८९ साली झालेल्या घातक सूक्ष्मजीवांविषयीच्या नियमांत संस्थेच्या समितीपासून केंद्रीय समितीपर्यंत उतरंड आहे, आणि तीत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीचीही तरतूद आहे; मात्र तिची रचना मुख्यतः खातेनिहाय अधिकाऱ्यांची आहे, आणि तिचे अस्तित्व सामान्य नागरिकाच्या कानावरही नाही. या समितीत प्रयोगशाळेच्या परिसरातील रहिवाशांचे, कुक्कुटपालकांचे आणि शेड साफ करणाऱ्या मजुरांचे निवडलेले प्रतिनिधी बसवावेत. घातक विषाणूला अधिक संसर्गक्षम करण्याचा कोणताही प्रस्ताव त्यांच्यासमोर मराठीत लेखी यावा: विषाणू कोणता, काम कोणत्या कोठडीत होणार, हवा गाळणारी यंत्रणा बंद पडल्यास काय होणार, कर्मचाऱ्याला ताप आल्यास किती तासांत कोणाला वर्दी जाणार, आणि हेच ज्ञान कमी धोक्याने का मिळत नाही. प्रश्न विचारण्यास त्यांना केंब्रिजच्या मंडळाइतकाच अवधी मिळावा आणि त्यांचा अभिप्राय निर्णयाच्या कागदाला जोडलेला असावा. पाषाणला सर्वोच्च सुरक्षा-श्रेणीची विषाणू प्रयोगशाळा असलेल्या पुणे जिल्ह्यापासून याचा आरंभ करता येईल, आणि त्यासाठी नियमांत करावयाची दुरुस्ती एका अधिसूचनेपुरती आहे.